तपासणीची प्लेट अर्ध्या दिवसात होते, मग रुग्णांची यादी आठवड्याने का? डेंग्यूच्या साथीतल्या एका प्रयोगशाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोविडनंतरच्या एका पावसाळ्यातलं, नवी मुंबईतलं हे प्रकरण. प्रयोगशाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वर्ष, नावं आणि रुग्णसंख्या गाळली आहे. एक-दोन तपशील मुद्दाम बदलले आहेत. माझं काम नोंदी आणि माहितीच्या बाजूचं होतं. पिपेट मी कधी हातात धरलेलं नाही, हे आधीच सांगतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या काही नोडमधली (वाशी, नेरूळ, ऐरोली असे नवी मुंबईचे विभाग) आरोग्य केंद्रं तापाच्या रुग्णांचं रक्त घेऊन एका सार्वजनिक प्रयोगशाळेत पाठवत. खासगी दवाखान्यांत रॅपिड किटवर डेंग्यू निघालेल्यांचे नमुनेही खात्रीसाठी तिथेच येत, कारण राष्ट्रीय कार्यक्रमात रॅपिड किटचा निकाल निश्चित मानत नाहीत. प्रयोगशाळेतल्या एलायझा पद्धतीने एनएस-१ (विषाणूचं प्रथिन) किंवा आयजीएम (शरीराने त्याविरुद्ध बनवलेलं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आलं तरच रुग्ण ‘निश्चित’च्या रकान्यात जातो. ताप आल्यापासून पहिले पाच दिवस एनएस-१, त्यानंतर आयजीएम, असा साधा नियम. आयजीएमच्या किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतून, म्हणजे एनआयव्हीतून, सरकारी केंद्रांना येतात.

एलायझाच्या प्लेटला ९६ वेल, म्हणजे नमुने टाकायच्या छोट्या वाट्या, असतात आणि त्यातल्या काही दर वेळी कंट्रोलना, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेल्या पडताळणीच्या नमुन्यांना, द्याव्या लागतात. प्लेट लावली की अर्धा दिवस गेलाच, मग नमुने दहा असोत की ऐंशी. त्यामुळे ‘प्लेट भरू दे, मग लावू’ ही सवय अंगवळणी पडलेली असते. एरवी किट जपून वापरायची ही शिस्त चांगलीच. साथीत तीच नडते.

निकाल पुढे दोन वाटांनी जायचा. एक वाट पोर्टलची. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात, म्हणजे आयडीएसपीत, आठवड्याचे तक्ते भरले जात: संशयितांचा एस फॉर्म, डॉक्टरांच्या निदानाचा पी, प्रयोगशाळेचा एल. २०२१ पासून त्याची जागा आयएचआयपीने, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य माहितीच्या पोर्टलने, घेतली. तिथे ३३ आजारांसाठी प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद होते आणि ती त्या-त्या दिवशी व्हावी अशी अपेक्षा असते. दुसरी वाट व्हॉट्सअॅपची. पॉझिटिव्हांच्या छापील यादीचा फोटो ग्रुपवर पडायचा, तिथून आरोग्य केंद्राकडे, तिथून बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांकडे. काम चालायचं ते दुसऱ्या वाटेवर. पहिली वाट हिशेबापुरती.

अडचण नेमकी कुठे होती

जुलैअखेर पहिली तक्रार आली ती प्रयोगशाळेबद्दल नव्हती, फवारणीबद्दल होती. धूरफवारणीवाले पत्त्यावर पोचले की घरातली बाई म्हणायची, “आता आलात होय? पोरगा कधीच बरा झाला, शाळेत जातोय.” हे वारंवार व्हायला लागलं तेव्हा साथरोग अधिकारी मॅडमनी प्रयोगशाळेला विचारलं. उत्तर ठरलेलं: माणसं कमी आहेत, मशीन जुनं आहे, सॉफ्टवेअर नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. उशिराचं कारण मात्र त्यात पुरतं सापडत नव्हतं.

डेंग्यूत उशीर महाग का पडतो, ते इथे सांगायला हवं. ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासून ताप उतरल्यानंतरही दोनेक दिवस, रुग्णाला चावणारा एडिस डास त्याच्या रक्तातला विषाणू उचलू शकतो. डासाच्या शरीरात तो विषाणू पसरून लाळेपर्यंत पोचायला आपल्याकडच्या हवेत साधारण ८ ते १२ दिवस लागतात. त्यानंतर तो डास मरेपर्यंत इतरांना आजार देत राहतो. एडिस लांब उडत नाही, बहुधा ४०० मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे रुग्णाच्या घराभोवती पिंपं, कुंड्या, टायर, फ्रिजमागचे ट्रे तपासायला आणि उडते डास मारायला आठवडाभराची मुदत मिळते. रुग्ण दवाखान्यात येतो तो बहुतेकदा तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी. त्यानंतर यादी आठवड्याने आली, तर ती मुदत कागदातच संपलेली असते.

मॅडमनी बैठक बोलावण्याऐवजी एक साधं काम लावलं. काही नमुने निवडायचे आणि त्यांच्या मागोमाग जायचं. रक्त घेतल्याची वेळ, बर्फाचा डबा केंद्रातून निघाला ती वेळ, प्रयोगशाळेत उतरला ती, प्लेट लागली ती, रिपोर्टवर सही झाली ती, आणि शेवटी यादी फवारणीच्या मुकादमाच्या हातात पडली ती. सहा वेळा, एका कागदावर. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच, आणि त्याला एक रुपया लागला नाही.

तपासणीला खरोखर अर्धाच दिवस लागत होता. बाकी सगळं थांबणं होतं. नमुन्यांची गाडी आठवड्यातून तीनदा फिरायची, त्यामुळे शुक्रवारी दुपारनंतर घेतलेलं रक्त सोमवारपर्यंत केंद्राच्या फ्रिजमध्ये. प्रयोगशाळेत आल्यावर प्लेट भरेपर्यंत पुन्हा फ्रिज. मग टायपिंग. रुग्णाचं नाव केंद्राच्या रजिस्टरात लिहिलं जायचं, नमुन्यासोबतच्या मागणीपत्रावर लिहिलं जायचं, प्रयोगशाळेच्या रजिस्टरात लिहिलं जायचं, एक्सेलमध्ये टाइप व्हायचं, रिपोर्टसाठी वर्डमध्ये टाइप व्हायचं आणि शेवटी पोर्टलवर टाइप व्हायचं. ‘शेख मोहम्मद’ प्रवासात ‘मो. शेख’ व्हायचा आणि शेवटी ‘महंमद एस.’ म्हणून पोर्टलवर दुसरा रुग्ण ठरायचा.

क्रमांकांची कथा त्याहून वाईट. ओपीडीचा केसपेपर नंबर वेगळा, भरती झाला तर आयपीडी नंबर वेगळा, प्रयोगशाळेचा क्रमांक तिसरा. तोही दर महिन्याला एकपासून सुरू. ऑगस्टमधला ‘४७’ आणि जुलैमधला ‘४७’ एकाच एक्सेलमध्ये सुखाने नांदत होते.

आणि पत्ता. नवी मुंबईत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही: सेक्टर ५ वाशीत आहे, नेरूळला आहे, ऐरोलीला आहे, कोपरखैरण्यात आहे. मागणीपत्रावर ‘से. ५, रूम नं. अमुक’ एवढंच असायचं. केंद्रातल्या सिस्टरला ते पुरेसं होतं, कारण तिच्यासमोर बसलेला माणूस तिच्याच नोडचा होता. प्रयोगशाळेत चार नोडचे नमुने एका डब्यातून येत आणि यादी बनताना केंद्राचं नाव गळून जाई.

“मॅडम, सेक्टर पाच म्हणजे कुठला पाच?”

“रूम नंबर आहे म्हणजे कोपरखैरणे असेल.”

“ऐरोलीतही रूम नंबरच असतात की.”

असे फोन रोज. गावठाणांत आणि डोंगराकडेच्या वस्त्यांत तर सेक्टरही नाही. ‘साईबाबा मंदिराच्या मागे’ हा पत्ता तळवली, घणसोली, दिघा यांपैकी कुठलाही असू शकतो. शिवाय दिघ्यापुढे हद्द संपते. विटाव्याचा किंवा कळव्याचा माणूस जवळ पडतं म्हणून ऐरोलीला दाखवायला येतो. त्याच्या घराभोवतीचे डास मात्र ठाणे महापालिकेच्या हद्दीत. ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत. तापाला त्यातली एकही सीमा माहीत नाही.

शेवटची गोष्ट बारीक दिसते, पण तिने तपासणीचाच दर्जा बिघडवला होता. मागणीपत्रावर ‘तापाचा पहिला दिवस’ हा रकाना होता आणि तो बहुधा कोराच येई. तो नसेल तर एनएस-१ लावायचं की आयजीएम, हे तंत्रज्ञाने कशावरून ठरवायचं? तो अंदाजाने ठरवत होता. सातव्या दिवसाच्या रुग्णाचं एनएस-१ निगेटिव्ह आलं, तर त्याचा अर्थ ‘डेंग्यू नाही’ असा होत नाही. यादीतून तो रुग्ण मात्र गेला.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रस्ताव अपेक्षेप्रमाणे पूर्ण सॉफ्टवेअर घ्यायचा आला. प्रयोगशाळा माहिती प्रणाली विकत घ्या, बारकोड, मशीन जोडणी, मोबाइलवर रिपोर्ट, सगळं एकदम. पैसे मिळाले असते. साथीत फाइल लवकर हलते. पण निविदा, मागवणं, बसवणं, शिकवणं यात पावसाळा संपला असता. त्याहून मोठा मुद्दा प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सरांनी काढला. “आत्ता जे चुकीचं लिहिलं जातंय तेच मग चुकीचं टाइप होईल, फक्त रंगीत पडद्यावर.” शिवाय एलायझा रीडर जुना होता, निकाल कागदाच्या पट्टीवर छापून द्यायचा. त्याला कॉम्प्युटरशी बोलायला लावणं हेच स्वतंत्र काम होतं.

दुसरा पर्याय होता एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक विभागाच्या, ई-हॉस्पिटल या प्रणालीतला प्रयोगशाळेचा भाग वापरायचा, किंवा ओपनईएलआयएससारखी मुक्त स्रोत प्रणाली उभी करायची. माझा कल इकडे होता आणि अजूनही आहे. ओपनईएलआयएस इतर देशांच्या सार्वजनिक प्रयोगशाळांत चालतं, परवान्याचे पैसे नाहीत. पण रात्री अकराला सर्व्हर बंद पडला तर फोन कुणाला करायचा, या प्रश्नाला त्या बैठकीत कुणाकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसताना साथीच्या मध्यावर नवी प्रणाली सुरू करणं धोक्याचं होतं.

तिसरा पर्याय कुणाच्या तरी ओळखीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलाकडून अॅप बनवून घेण्याचा. तो चहाबरोबर संपला. रुग्णांची नावं आणि फोन नंबर कुणाच्या खासगी खात्यात ठेवायचे नाहीत एवढं भान सगळ्यांना होतं. अर्थात, तीच नावं व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज जात होती, हेही तेव्हाच कुणीतरी बोलून दाखवलं.

चौथा: डेटा एंट्री ऑपरेटर वाढवा. यात टायपिंगचा वेळ कमी झाला असता. सेक्टर पाच कुठला, ते मात्र ऑपरेटरलाही कळलं नसतं.

पाचवा पर्याय सुचवला एका आरोग्य केंद्रातल्या एएनएम (परिचारिका) ताईंनी. कोविडमध्ये नमुना घेतानाच आरटी-पीसीआर अॅपवर माहिती भरली जायची आणि एसआरएफ आयडी, म्हणजे त्या नमुन्याचा ओळख क्रमांक, तिथेच तयार व्हायचा. प्रयोगशाळेला फक्त तो नंबर जुळवावा लागायचा. “तेव्हा स्वॅब घेतानाच नंबर पडायचा. आता का नाही पडत?” कोविड ओसरला तशी ती पद्धत फक्त कोविडपुरती उरली होती. ओळख नमुन्यासोबत जन्माला यावी, प्रयोगशाळेत पोचल्यावर बारसं नको. यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

काय केलं

आधी स्टिकर. प्रत्येक केंद्राला आधीच छापलेल्या बारकोड स्टिकरची रीळं दिली. क्रमांकात केंद्राचा कोड, वर्ष आणि न संपणारा अनुक्रम. एकाच क्रमांकाचे चार स्टिकर: एक नळीवर, एक मागणीपत्रावर, एक केंद्राच्या रजिस्टरात, एक रुग्णाच्या केसपेपरवर. पहिल्या आठवड्यात निम्मे स्टिकर बर्फाच्या डब्यातल्या ओलाव्याने सुटून तळाशी पडले. थर्मल कागदाचे स्टिकर स्पिरिट लागलं की वाचता येत नाहीत, हेही कळलं. मग रिबनवर छापलेले, ओल सहन करणारे स्टिकर आणले आणि नळीवर मार्करने शेवटचे चार आकडे लिहायचा नियम केला. खर्च वाढला, थोडासाच.

मागणीपत्र कमी केलं. जुन्या फॉर्मवर भरपूर रकाने होते आणि म्हणूनच महत्त्वाचे कोरे राहत. नव्या फॉर्मवर नाव, वय, लिंग, फोन, तापाचा पहिला दिवस, नोड, सेक्टर किंवा वस्ती, जवळची खूण आणि लक्षणांच्या टिकमार्कच्या चार चौकटी. नोड आणि वस्ती हाताने लिहायची नाही, यादीतून निवडायची. ती यादी कर्मचाऱ्यांनी आपापल्या बीटवरून बनवली. सरकारी नकाशात नसलेली नावं तिच्यात होती आणि तीच कामाची ठरली. तापाची तारीख नसेल तर प्रयोगशाळेने नमुना परत पाठवायचा नाही, पण केंद्राला लगेच फोन करायचा. यावर वाद झाला. सरांचं म्हणणं, परत पाठवलं की शिस्त लागते. मॅडमचं म्हणणं, शिस्त केंद्राला लागेल, टोचून घ्यावं लागेल रुग्णाला. मॅडमचं ऐकलं गेलं, आणि माझ्या मते बरोबर ऐकलं गेलं. पहिल्या पंधरवड्यात फोन बरेच करावे लागले, मग कमी होत गेले.

एक्सेल एकच ठेवलं, महापालिकेच्या सर्व्हरवर, पासवर्डखाली. केंद्रातून नोंद, प्रयोगशाळेतून निकाल, त्यातूनच रिपोर्ट छापायचा आणि त्यातूनच पोर्टलची नोंद करायची. व्हॉट्सअॅपवर नावांचे फोटो बंद. ग्रुपवर फक्त ‘अमुक वस्ती, इतकी घरं, यादी बघा’ एवढाच निरोप. गाडी रोज फिरवली. प्लेट साथ असेपर्यंत दररोज लावायची, भरली नाही तरी. त्यासाठी जास्तीच्या किट मागवल्या. वाया जाणाऱ्या वेलचा हिशेब मागणारा एक शेरा फाइलवर आला. त्याला उत्तर म्हणून सहा वेळांचा तो कागदच जोडला.

इथपर्यंतचं काम सरळ होतं. खरी अडखळण पुढच्या प्रश्नावर झाली: सही न झालेला निकाल फवारणीवाल्यांना द्यायचा का?

मॅडमना प्लेट वाचून झाल्याबरोबर वस्त्यांची नावं हवी होती. सर म्हणाले, कंट्रोल तपासून सही केल्याशिवाय माझ्या प्रयोगशाळेतून काहीही बाहेर जाणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. एकदा कच्चा निकाल बाहेर गेला आणि फिरवावा लागला, तर पुढच्या प्रत्येक रिपोर्टवर शंका घेतली जाते. सार्वजनिक प्रयोगशाळेला ते परवडत नाही. दोन दिवस हा तिढा सुटेना.

सुटला तो प्रश्न उलटा केल्यावर. मैदानातल्या कोणत्या कामाला निकालाची गरज आहे? पिंपं रिकामी करायला, टायर उचलायला, अळ्या शोधायला डेंग्यू सिद्ध व्हायची वाट कशाला पाहायची? एका वस्तीतून तीन-चार दिवसांत तापाचे नमुने एकदम वाढले, हे केंद्रातून नोंद पडतानाच दिसत होतं, रक्त प्रयोगशाळेत पोचायच्याही आधी. कंटेनर सर्वेक्षण त्या इशाऱ्यावर सुरू करायचं ठरलं. सही झालेल्या निकालावर धूरफवारणी, शेजारच्या घरांत तापाची चौकशी आणि अधिकृत मोजणी. सरांची सही जिथल्या तिथे राहिली, मॅडमना दोन-तीन दिवस मिळाले. इतकी वर्षं पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की मग सगळी यंत्रणा हलायची, ही सवय प्रयोगशाळेची नव्हतीच. ती कामाच्या वाटपात होती, पण दोष प्रयोगशाळेच्या माथी जात होता.

मोजणीचाही एक खुलासा लेखी केला. ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेचा आकडा एक, आरोग्य विभागाचा दुसरा, पोर्टलचा तिसरा, आणि वर्तमानपत्रात खासगी रुग्णालयांच्या रॅपिड किटसकट चौथा. प्रत्येक जण दुसऱ्यावर लपवाछपवीचा संशय घेत होता. एकाच ओळीत ‘संशयित’, ‘रॅपिड पॉझिटिव्ह’ आणि ‘एलायझा निश्चित’ असे तीन रकाने रोज संध्याकाळी जाहीर करायचं ठरलं. आकडा मोठा दिसेल अशी भीती वर काहींना होती. दिसला. दोन दिवस बातम्या आल्या, मग चर्चा थंडावली.

निगेटिव्ह रिपोर्टांत दडलेलं

ऑगस्टमध्ये मुसळधार पावसानंतर नाल्याकाठच्या एका वस्तीत पाणी शिरलं. तिथून आठवडाभराने तापाचे नमुने वाढले. कंटेनर सर्वेक्षण झालं, अळ्या फारशा सापडल्या नाहीत. एलायझा लागली, बहुतेक निगेटिव्ह. डेंग्यू नाही म्हणून ती वस्ती यादीवरून खाली गेली.

मग रुग्णालयात त्या भागातला एक तरुण भरती झाला: डोळे लाल, पोटऱ्यांना असह्य दुखणं, कावीळ. वॉर्डातल्या डॉक्टरांना लेप्टोस्पायरोसिसची शंका आली आणि तपासणीत ती खरी ठरली. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा हा जंतू. साचलेल्या पाण्यातून चालताना पायाच्या जखमेतून शिरतो. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबई-ठाण्यातल्या डॉक्टरांना त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. तरीही इथे तो सुटत होता, कारण तापाचं रक्त ‘डेंग्यू’ एवढाच शब्द लिहून येत होतं आणि निगेटिव्ह निकाल कुणीच पुन्हा पाहत नव्हतं. नवी पद्धतही पॉझिटिव्हच शोधण्यासाठी बांधलेली होती.

त्या संध्याकाळी वस्तीच्या नावाने एक्सेल चाळलं तेव्हा निगेटिव्ह तापांचा गठ्ठा दोन मिनिटांत समोर आला. जुन्या रजिस्टरात हे शोधायला रात्र गेली असती, आणि रात्र जाणार म्हणून बहुधा कुणी शोधलंच नसतं. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या त्याच नमुन्यांवर लेप्टोची आयजीएम लावली. काही पॉझिटिव्ह आले. ज्यांचं रक्त तापाच्या पहिल्या दिवसांतलं होतं त्यांचं निगेटिव्ह गृहीत धरलं नाही, कारण लेप्टोचं आयजीएम दिसायला पाच-सात दिवस लागतात. तापाची तारीख फॉर्मवर असल्याचा हा दुसरा उपयोग. पाण्यातून चाललेल्यांना वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन, घरोघर ताप तपासणी, उंदरांचा बंदोबस्त, हे लगेच सुरू झालं.

त्यानंतर दर सोमवारी एक वेगळी यादी निघू लागली: डेंग्यू-मलेरिया दोन्ही निगेटिव्ह, पण ताप वाढता असलेल्या वस्त्या. ती वाचायला दहा मिनिटं लागतात. वाचायची जबाबदारी पदाने ठरवून दिली, नाहीतर ती ‘सगळ्यांची’ होऊन कुणाचीच राहत नाही.

निष्पत्ती

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रक्त घेतल्यापासून सही झालेली यादी मुकादमाच्या हातात पडेपर्यंतचा वेळ साधारण आठवड्यावरून दोन-तीन दिवसांवर आला. कंटेनर सर्वेक्षण तर बहुतेक ठिकाणी निकालाआधीच सुरू व्हायचं. ‘कुठला सेक्टर पाच’ हे फोन जवळपास थांबले. एकाच रुग्णाच्या दोन नोंदी अजूनही होत होत्या, पण फोन नंबर आणि स्टिकर क्रमांकाने त्या सापडायच्या.

यामुळे डेंग्यू किती कमी झाला, हे सांगायचा मोह टाळतो. ऑक्टोबरनंतर साथ उतरतेच, पाऊस थांबतो, त्याचं श्रेय एक्सेलला देण्यात अर्थ नाही. एवढं नक्की की फवारणीवाले आता बरा झालेल्या पोराच्या दारात कमी वेळा उभे राहिले.

काही गोष्टी जमल्या नाहीत. गणपतीच्या आठवड्यात स्टिकर प्रिंटरची रिबन संपली आणि पुरवठादाराचं दुकान बंद. चार दिवस हाताने क्रमांक लिहिले, त्यातले काही दोनदा पडले. खासगी प्रयोगशाळांनी फॉर्म स्वीकारला, तापाची तारीख क्वचितच भरली. हद्दीबाहेरच्या रुग्णांची यादी शेजारच्या महापालिकेला रोज ई-मेलने जायची. ती उघडली जाते का, याचा पत्ता फोन केल्यावरच लागायचा. शेवटी दोन्हीकडच्या साथरोग अधिकाऱ्यांनी संध्याकाळी सहाचा फोन ठरवून घेतला. तांत्रिकदृष्ट्या मागासलेला उपाय, पण त्याने काम झालं.

वेगळं काय करता आलं असतं

सहा वेळांचा कागद एप्रिलमध्ये भरायला हवा होता. पावसाळापूर्व बैठकीत नालेसफाईचा आढावा असतो, औषधसाठ्याचा असतो. दहा नमुने फिरवून बघण्याचा नसतो. तो ठेवला असता तर शुक्रवारचं रक्त सोमवारपर्यंत पडून राहतं, हे जूनच्या आत कळलं असतं आणि गाडीचा प्रश्न साथीच्या दबावाखाली सोडवावा लागला नसता.

वस्त्यांची यादी बनवताना एएनएम आणि आशा ताईंना पहिल्या दिवसापासून बसवायला हवं होतं. पहिला मसुदा मालमत्ता कराच्या नोंदींवरून काढला गेला. करात नसलेल्या झोपड्या त्यात नव्हत्या, आणि ताप नेमका तिथेच होता. तो आठवडा वाया गेला.

दररोज प्लेट लावायचा निर्णय लवकर घेता आला असता का, यावर सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात, किटचा पुरवठा पक्का नसताना जुलैत रोज प्लेट लावली असती तर सप्टेंबरच्या शिखरावर हात रिकामे राहिले असते. मला वाटतं, एक दिवसाआड हा मधला मार्ग होता आणि शेजारच्या प्रयोगशाळेशी नमुन्यांची अदलाबदल करून प्लेट भरता आली असती. त्यासाठी दोन्हीकडे एकच नमुना क्रमांक चालायला हवा, आणि तो अजून चालत नाही.

सॉफ्टवेअरची फाइल दिवाळीनंतर पुन्हा उघडली. आता तिच्यात अटी आहेत त्या या पावसाळ्यातून आलेल्या: क्रमांक नमुना घेतानाच पडला पाहिजे, नेट नसताना केंद्रात नोंद होऊन नंतर जुळली पाहिजे, वस्त्यांची यादी महापालिकेच्या कर्मचाऱ्याला ठेकेदाराशिवाय बदलता आली पाहिजे, निगेटिव्ह निकालही वस्तीनिहाय दिसले पाहिजेत, सगळी माहिती खुल्या स्वरूपात कधीही बाहेर काढता आली पाहिजे, आणि आयएचआयपीवर पुन्हा टाइप करावं लागू नये. निविदापूर्व बैठकीत सगळ्यात जास्त शंका आल्या त्या यादी बदलण्याच्या आणि माहिती बाहेर काढण्याच्या अटींवर. एका ठेकेदाराने दोन्ही अटी ‘वैकल्पिक’ करण्याची लेखी विनंती केली. मॅडमनी ती नाकारली आहे. तोवर एक्सेल चालू आहे आणि स्टिकरच्या रिबनचा जादा साठा मे महिन्यातच मागवायचं ठरलं आहे.